शस्त्र कशाला म्हणायचं?

मंडळी, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी याच गावात पानसरे अण्णा आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला अण्णा गेले. तपासात गावठी पिस्तुलाचं नाव आलं.

पुढं २०१९ मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त झाला. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला ३ ते ७ वर्षं शिक्षा होती, ती ७ वर्षं ते जन्मठेप झाली. परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. ठीक आहे. पण कट्ट्याला ना परवाना, ना नंबर. त्याची मोजदाद कोण करणार?

१९५९ च्या मूळ कायद्यात ‘शस्त्र’ म्हटलं की सुटे भाग येतात, ते बनवण्याची यंत्रंही येतात. आता बघा, आपल्या उद्यमनगरातला लेथ पंपाचा भाग काततो, ठरवलं तर बंदुकीची नळीही कातेल. थ्रीडी प्रिंटरचंही तेच. मग लेथ जप्त करायचा का? नाही. हेतू तपासायचा, आणि हेतू यंत्रात नसतो, माणसात असतो. संगणकातला आराखडा तर ना भाग, ना यंत्र. त्याबद्दल व्याख्या गप्प आहे.

दुरुस्तीनं शिक्षा वाढवली, व्याख्या तशीच ठेवली. शिक्षेला आधी माणूस सापडावा लागतो. कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको.