पस्तिसाव्या हिश्शातली जीप

शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1997 साली विलीज एमबी जीपचे 1/35 मापाचे नवे किट काढले. सत्तरच्या दशकात याच कंपनीने याच गाडीचे, याच मापाचे किट बाजारात आणलेले होते. तरीही साचा पहिल्यापासून पुन्हा कोरला. हा खटाटोप कशासाठी, हे उमगले की प्लास्टिकच्या किटमधला अचूकपणा म्हणजे काय, हे उमगायला लागते. मी सोलापूरचा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या वाटांवर वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलेल्या माणसाला या गाडीचे बॉनेट, मडगार्ड आणि मागचे फाळके कुणी दाखवून द्यावे लागत नाही. त्यामुळे हे किट मला जवळचे वाटते, आणि जवळचे वाटते म्हणूनच मी ते कडक नजरेने पाहतो.

पहिली कसोटी मापाची. खऱ्या एमबीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर, 80 इंच, मिलिमीटरमध्ये 2032. त्याला 35 ने भागले की 58 येतात. रिम 16 इंची, म्हणजे मॉडेलवर साडेअकरा मिलिमीटरच्या किंचित वर. सगळी गाडी पंचाण्णव-शहाण्णव मिलिमीटर लांबीची, तळहातावर आरामात मावणारी. या मापात एका मिलिमीटरची चूक खऱ्या गाडीत साडेतीन सेंटिमीटरची होते. बॉनेट तेवढे वर चढले किंवा काच तेवढी मागे सरकली, तर जाणकाराला व्हर्निअर लावायचीही गरज पडत नाही. गाडी ‘बसलेली’ नाही, हे लांबूनच कळते.

मापे जुळली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. खरे वाचन जाळीपासून सुरू होते. विलीजच्या अगदी आरंभीच्या जीपला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. फोर्डने तिच्याऐवजी एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी बसवली. ती हलकी होती, स्वस्त होती, झटपट निघत होती. विलीजनेही ती उचलली. दुसरे महायुद्ध संपल्यावर नागरी वापरासाठी जी जीप आली तिच्या जाळीत सातच फटी राहिल्या, आणि महिंद्राच्या ज्या जीप आपण रस्त्यावर पाहिल्या त्यांतही सातच. त्यामुळे जाळीतल्या फटी मोजल्या की गाडी कोणत्या काळातली, कोणत्या कामाची, हे कळते. आरंभीची पट्ट्यांची जाळी सोडली, तर एमबीच्या किटमध्ये नऊ फटी असायलाच हव्यात.

दिव्यांचेही तसेच आहे. युद्धातल्या जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या पत्र्यामागे आत बसवलेले. नागरी जीपचे दिवे मोठे आणि पुढे आलेले. युद्धातल्या दिव्यांची आणखी एक खुबी अशी, की ते बिजागरीवर बसवलेले असत. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर बॉनेट उघडायचे, दिवा उलटा फिरवायचा आणि त्याच्याच उजेडात इंजिन दुरुस्त करायचे. एवढ्याशा प्लास्टिकमध्ये ती बिजागरी फिरेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण तिची जागा आणि दिव्याचा आत दबलेला बसका आकार बरोबर साधला, तर साचा कोरणाऱ्याने ती गाडी समजून घेतली आहे याची खात्री पटते.

पुढची खूण त्याहून बारीक आहे. एकाच नकाशावरून दोन कारखान्यांनी जीप बनवल्या. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दुरून दोन्ही सारख्या. पण जाळीच्या खाली, चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा एफ हे अक्षर उठवले होते. 1/35 मध्ये बोल्टावरचे अक्षर कुणी मागू नये. आडवा दांडा मात्र जरूर पाहावा. डब्यावर विलीजचे नाव आणि आत फोर्डचा दांडा अशी सरमिसळ कुठल्याही कंपनीच्या किटमध्ये दिसली, की माप घेणाऱ्याने दोन वेगळ्या गाड्या पाहून एकच साचा केला असावा, असा संशय घ्यायला जागा उरते. संग्रहालयातल्या किंवा हौशी मालकांकडच्या जीप दुरुस्त होत होत दोन्ही कारखान्यांच्या भागांनी भरलेल्या असतात. अशी गाडी निष्ठेने मोजली तरी मॉडेल चुकायचेच. म्हणून मोजायला घेतलेली गाडी मुळात कोणती, हा प्रश्न मापाच्याही आधीचा आहे.

टायर पाहताना त्याची नक्षी पाहावी. लष्करी जीपच्या टायरवरचे आडवे कंगोरे दोन्ही अर्धांत एकमेकांच्या उलट दिशांनी कललेले असतात. मातीवरच्या ठशावरून गाडी कुठल्या दिशेने गेली ते सहज कळत नाही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे टायरच्या मधोमध प्लास्टिकची बारीक रेघ उठते. ती पॉलिश पेपरने घासताना कंगोऱ्यांची टोके बोथट होऊ न देणे, यात किट जोडणाऱ्याचा हात दिसतो.

काही गोष्टी मात्र कुठल्याही साच्याला जमणार नाहीत. खऱ्या जीपचा पत्रा एक-दीड मिलिमीटर जाडीचा. त्याचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे मिलिमीटरचे तीन-चार शतांश. इतक्या पातळ फटीत वितळलेले पॉलिस्टायरिन शिरतच नाही. किटचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाड ठेवावा लागतो, आणि तो 35 पट मोठा करून पाहिला तर साडेतीन सेंटिमीटर जाडीची, रणगाड्याला शोभेल अशी भिंत होते. यावर चांगल्या कारागिराचा तोडगा ठरलेला आहे. मडगार्डची कड तो आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने उतरती करतो. जाडी आत लपते आणि नजरेला फक्त पातळ कड दिसते. सोलापुरी चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मानेचे वळण तिथे पायऱ्यापायऱ्यांनीच चढते, आणि कुठली पायरी ठेवायची, कुठली गाळायची, हे नक्षीकार ठरवतो. साचा कोरणाराही असाच ठरवत असतो. कुठे खोटे बोलल्याने गाडी खरी दिसेल, हे ज्याला कळते तो मोठा कारागीर.

रंगालाही हेच लागू. खऱ्या गाडीवरचा ऑलिव्ह ड्रॅब जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर तो काळपट दिसतो. लहान वस्तू आपण लांबच्या वस्तूसारखी पाहतो, आणि लांबून रंग फिका दिसतो. म्हणून जाणते लोक रंगात थोडा फिका रंग मिसळतात.

आता पस्तीस या आकड्याकडे वळू. फूट-इंचांच्या हिशेबात 1/24 किंवा 1/48 समजू शकते, दशमानाच्या हिशेबात 1/25 किंवा 1/50 समजू शकते. पस्तीस कुठून आले? 1960 च्या दशकाच्या आरंभी तामियाने पँथर या जर्मन रणगाड्याचे मोटरवर चालणारे किट काढले. पोटात बॅटऱ्या आणि मोटर मावतील एवढा रणगाडा केला. तो किती पट लहान झाला हे नंतर मोजले, तेव्हा साधारण 1/35 आले. तो खपला, त्याच्या शेजारी ठेवायला बाकीची वाहने आणि माणसे त्याच मापात आली, आणि आज जगभर लष्करी किटांचे हे मुख्य माप आहे. ज्या जीपवर मी मिलिमीटरसाठी भांडतो, तिचे मापच एका जर्मन रणगाड्यातल्या बॅटऱ्यांनी ठरवलेले आहे. माप योगायोगाने आले, पण त्या मापाशी कंपनीने पुढे इमान राखले, हे मला मोलाचे वाटते. याच कंपनीने सत्तरच्या दशकात पोर्शेच्या 1/12 मापाच्या किटसाठी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेऊन सुटी केली होती. फोटो आणि कागद पुरेनात, म्हणून गाडीच उघडली.

प्लास्टिकच्या मोटारींचे दुसरे घराणे अमेरिकेतले. 1948 साली निघालेली एएमटी, म्हणजे ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज, ही कंपनी फोर्डच्या शोरूमसाठी गाड्यांच्या प्रतिकृती बनवत असे. आधी ॲल्युमिनियमच्या, मग प्लास्टिकच्या. मोटार कंपनी आपल्या नव्या गाडीची रेखाचित्रे स्वतःहून पुरवत असल्यामुळे या प्रतिकृतींची बॉडी फार नेमकी उतरे. 1958 पासून एएमटीने त्याच बॉडीची 1/25 मापाची सुटी किटे विकायला काढली. या घराण्याचा गुण आणि दोष दोन्ही जन्मातच आहेत. शोरूममधल्या प्रतिकृतीला खालून कोण पाहतो? म्हणून वरचा आकार देखणा आणि चासी सपाट, ढोबळ. सुरुवातीच्या अशा अनेक किटांत पुढच्या चाकांचा धातूचा आस चक्क इंजिनच्या ब्लॉकमधून आरपार जातो. ते भोक पाहिले की किटची वंशावळ न वाचता कळते.

इंग्लंडच्या एअरफिक्सची कथाही याच वळणाची. 1949 साली त्यांनी फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी. जोडून देणे जिकिरीचे होते, म्हणून पुढे ती सुटी विकली गेली आणि कंपनीचे पहिले किट ठरली. आपल्या उसाच्या फडांत राबणारा लाल मॅसी फर्ग्युसन त्याच फर्ग्युसनच्या कुळातला.

मोटार सुट्या भागांत यावी आणि इथे जोडली जावी, हे महाराष्ट्राला नवे नाही. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि 1947 पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून उभ्या राहू लागल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात महिंद्राने विलीजच्या जीप अशाच जोडल्या. खोक्यातून आलेले भाग, त्यांचे क्रमांक, जोडणीचा क्रम, आणि कुठला बोल्ट आधी हे सांगणारा कागद: आपल्या मोटार उद्योगाची पहिली शाळा हीच. जोडता जोडता भाग समजले, समजता समजता ते इथे बनू लागले. टेबलावर जीपचे किट जोडणारा मुलगा तोच अभ्यास लहान मापात करत असतो, आणि म्हणून या छंदाला मी खेळ म्हणून सोडून देत नाही.

या किटमधून आपली जीप करायची तर काय काय बदलावे लागेल, हे पाहणे हाही रसास्वादच आहे. महिंद्राने पुढे बनवलेली सीजे-3बी व्हीलबेसला एमबीइतकीच, 80 इंची. मग चासी जवळपास तशीच चालेल. बॉनेट मात्र उंच करावे लागेल, कारण या गाडीतल्या हरिकेन इंजिनचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यात असल्याने ते एमबीच्या गो-डेव्हिल इंजिनपेक्षा उंच आहे. दोन्ही इंजिने 2.2 लिटरचीच, पण त्या उंचीने गाडीचा चेहरा बदलला. नऊ फटींच्या जाळीच्या जागी सात फटींची, लहान दिव्यांच्या जागी मोठे, डाव्या बाजूचे स्टिअरिंग उजवीकडे, त्याबरोबर क्लच-ब्रेकही. डाव्या अंगावरची कुऱ्हाड आणि फावडे काढून टाकायचे. एवढे केले की नॉर्मंडीची गाडी सोलापूरच्या रस्त्यावर येते. आणि हे करता येते ते मूळ किटची मापे खरी आहेत म्हणूनच. चुकीच्या पायावर केलेला प्रत्येक बदल ती चूक वाढवत नेतो.

माझ्या लेखी या जीपचे मोठेपण भागांच्या संख्येत किंवा डब्यावरच्या चित्रात नाही. ज्या गाडीचे हे किट आहे ती आधी कुणीतरी नीट मोजली, पहिल्या खेपेला जे निसटले ते मान्य केले आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा साचा कोरला. अचूकपणा म्हणतात तो याला.

त्या नजरेने आपल्या गाड्यांकडे पाहायला हवे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. वालचंदांच्या कंपनीने ती सुमारे साडेतीन दशके वेगवेगळ्या नावांनी बनवली. तिचा व्हीलबेस 2340 मिलिमीटर. 1/24 मध्ये साडेसत्त्याण्णव. हा आकडा पुस्तकात मिळतो. पण टपावरच्या कॅरियरची उंची, मीटर बसवायची पट्टी, काळ्या आणि पिवळ्या रंगाची नेमकी सीमारेषा कुठल्या कडेवरून जाते, वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकांत किती जागा सोडलेली असे, हे गाडी समोर असतानाच मोजावे लागते. गॅरेजात, शेताच्या बांधावर, कुणाच्या वाड्याच्या मागे अशा गाड्या अजून उभ्या आहेत. टेप, व्हर्निअर, वही आणि चारही बाजूंनी, समान अंतरावरून, चाकाच्या मध्याच्या उंचीवरून काढलेले फोटो एवढे पुरे आहे. पुढे कुणी साचा कोरायला बसेल तेव्हा त्याला आपल्या गाडीचे खरे माप आपल्याकडून मिळाले पाहिजे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ती भंगारात देण्याआधी मोजावी, आणि मोजलेले लिहून ठेवावे.