दादरचं दुभाषी हसू

‘वस्त्रहरण’ नाटकात मुकुट घातलेला गावकरी पौराणिक नाटकातली जडजंबाळ मराठी कशीबशी तोलत असतो. पाठांतर दगा देतं आणि पुढचं वाक्य थेट मालवणीत बाहेर पडतं. दादरच्या शिवाजी मंदिरात त्या क्षणी, मला आठवतं, बाल्कनी आधी हसायची. खालच्या महागड्या रांगा शेजाऱ्याला अर्थ विचारून मग हसायच्या.

नाटक १९८०चं. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच होऊन गाजवलेलं. प्रयोग पुढे पाच हजारांपार गेले. बाल्कनीतला लालबाग-परळचा चाकरमानी साहेबासमोर शहरी मराठी बोलायचा आणि खोलीवर परतला की गजाली मालवणीत. यातली एक भाषा आणि दुसरी नुसती बोली, हे त्याला शाळेतच सांगून ठेवलेलं. दादरच्या रंगमंचावर मात्र फजिती झाली ती प्रमाण भाषेची. बोली ठणठणीत उभी राहिली. मराठी विनोदाने केलेली ही सर्वांत मोठी उलथापालथ, असं मी मानतो. शिव्यांमुळे नाटक चाललं म्हणणाऱ्यांना ती तेव्हाही दिसली नाही.

तशी पूर्वतयारी होती. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी केलेल्या ‘ती फुलराणी’त (१९७५) फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापकच हळूहळू हास्यास्पद ठरतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकट्याने बावन्न पात्रं उभी करत, आणि त्यांच्या मराठवाडी बोलीला लंडनसमोर कधी अंग चोरावं लागलं नाही.

दोन भाषांतलं हसू इतरत्रही सापडतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराचा विनोद महोत्सव १९८३मध्ये फ्रेंचमध्ये सुरू झाला, १९८५पासून त्यात इंग्रजी आली. पण फ्रेंच कार्यक्रम वेगळे, इंग्रजी वेगळे. दादरला असा मांडव कधी घालावा लागला नाही. इथे दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदल्या, मध्यंतरात वड्याच्या रांगेतही.

पण ते हसू ज्या वस्तीतून यायचं तीच विस्कटली. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, चाकरमानी डोंबिवली-विरारकडे सरकला. शनिवार-रविवारच्या प्रयोगाला तो आता ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत भेटतो. नेपथ्याचा ट्रक, वीस माणसांचा संच, नाट्यगृहाचं भाडं हे सगळं तिकिटातून भरून काढायचं म्हणजे निर्मात्याला ओळखीचा चेहरा लागतो, आणि चेहरा टीव्हीवरून येतो.

टीव्हीने बोलींना जागा दिली हे कबूल. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) यांनी घराघरांत आगरी, मालवणी, वऱ्हाडी ऐकवली. नटही अव्वल आहेत; समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी हसू येतं. तक्रार आहे ती लेखनाबद्दल. आठ-दहा मिनिटांच्या स्किटमध्ये बोलीचा हेल तेवढा उरतो. शब्द, म्हणी, भांडायची तऱ्हा गळून पडते. आणि समोर बसलेले परीक्षक आपल्याआधी हसून घेतात, ते वेगळंच.

मराठी स्टँडअपला ‘भाडिपा’ (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब चॅनेलने २०१६नंतर जे बळ दिलं, त्याचं मला कौतुक आहे. एक माइक, एक स्टूल, तरुण प्रेक्षक. इथली दुसरी भाषा इंग्रजी. ती पोरं तशीच बोलतात, त्यामुळे सरमिसळीला माझी हरकत नाही. हरकत वाटणीला आहे. बऱ्याच सादरीकरणांमध्ये मराठी बोलतात ते आई-बाबा, सोसायटीचे काका, रिक्षावाले. निवेदक त्यांच्यावर भाष्य करतो तो इंग्रजीत. हसणारा एका भाषेत, हसं होणारा दुसरीत. ‘वस्त्रहरण’ने जी उतरंड उलटी केली होती, ती पुन्हा सुलटी लागली. काही जण आपल्याच कॉन्व्हेंटी इंग्रजीची टोपी उडवतात, तेव्हा खोली वेगळीच हसते. असे थोडे.

परवा एका छोट्या हॉलमध्ये एका मुलाने आजीची नक्कल करताना अस्सल मालवणी शब्द टाकला. खोली गप्प. शेवटच्या रांगेतून एकाच माणसाचं खळखळून हसू आलं. मुलगा क्षणभर त्या दिशेला पाहत राहिला, मग त्याने घाईघाईने त्या शब्दाचं इंग्रजी करून सांगितलं.