संग्रहालयातले घर आणि लग्नगडी

कोणाचे घर जपायचे आणि कोणाचे मातीला मिळू द्यायचे, हे आजवर सत्ता आणि संपत्ती असणाऱ्यांनीच ठरविले. म्हणून वाडे वारसा ठरले आणि झोपड्या अतिक्रमण! या पार्श्वभूमीवर भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासींची घरे उभारली गेली आणि त्यांत वारल्यांच्या घरालाही जागा मिळाली, याचे स्वागतच केले पाहिजे. पण स्वागत केले म्हणजे चिकित्सा संपत नाही.

घोलवडच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून तलासरीकडे निघाले की वारल्यांचे पाडे लागतात. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, ही इथली रीत. चौकात पालघट देवी असते. सुवासिनी चौक लिहितात, धवलेरी लग्न लावते. हे चित्र दिवाणखान्याच्या शोभेसाठी जन्मलेले नाही.

आता प्रश्न असा की, या लग्नाचा खर्च कोठून येई? तो जमीनदार देई. त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनीही त्याच्या घरी राबायचे, तेही जन्मभर. याचेच नाव लग्नगडी. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) या पुस्तकात या गुलामीची साक्ष आहे. जो चौक संसाराची मंगल खूण, तोच अनेकांच्या बाबतीत दास्याचा उंबरठा ठरला. मे 1945मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा झुगारण्याचा निर्धार केला. नुसते घर उभारून हा इतिहास सांगता येत नाही. कूड दिसतो, चौक दिसतो. कर्ज दिसत नाही आणि बंडही दिसत नाही. मग प्रेक्षक आदिवासींच्या 'साधेपणा'चे कौतुक करून पुढे जातो. दारिद्र्याला साधेपणा म्हणणे ही शोषकांच्या सोयीची सौंदर्यदृष्टी आहे.

कलेत राजकारण आणू नका, असे काही विद्वान म्हणतील. त्यांनी पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा पाहावा. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या वास्तूचे मोठेपण लाकूडकामात नाही, त्या पाण्यात आहे. हौद वगळून फुले वाडा दाखविणे जितके खोटे, तितकेच लग्नगडी वगळून वारल्याचे घर दाखविणे खोटे.

दलित आणि आदिवासी यांची दुःखे एकसारखी नाहीत. पण दोघांचाही इतिहास दुसऱ्यांनीच मांडला, हे साम्य आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. चौकाशेजारी कर्जाची हकीकत मांडा, आणि ती वारल्यांना स्वतः मांडू द्या. उद्या एखाद्या जमीनदाराचा वाडा जपायचे ठरले, तर त्याच्या वंशावळीआधी तिथे राबलेल्यांची नावे लिहा. नावे सापडत नसतील, तर ती का सापडत नाहीत, तेवढे तरी भिंतीवर लिहा.