मोर्तब कुठे करावं? : मजकूर, चित्र आणि आपला डिजिटल कागद



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की आम्ही मेहरूणमध्ये संगणकाचा वर्ग घ्यायला आलो आहोत. ते काम तुमची नातवंडं आमच्यापेक्षा चांगलं करतील. आम्हाला आज समीक्षा करायची आहे. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. पण आपण सर्वांत जास्त जे वाचतो त्याची कुणी करत नाही. शाळेची सूचना, भरतीचा अर्ज, संस्थेची स्मरणिका, पाणी येणार नसल्याचं पत्रक. हे सगळं आता डिजिटल झालं आहे. त्यात मजकूर असतो आणि चित्रं असतात. मजकुराजवळ चित्र कसं बसवावं हा प्रश्न सजावटीचा समजला जातो. आमच्या मते तो ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि थोडा न्यायाचाही.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतली दोन आज पुरेत. डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष. विश्वसनीय माणसाने सांगितलं ते शब्द. आता कुठलाही अर्ज घ्या. नाव, जन्मतारीख, पत्ता हा शब्द. फोटो आणि सही म्हणजे प्रत्यक्षाच्या जवळचं काहीतरी. शब्द सांगतो, चित्र साक्ष देतं. चांगल्या कागदावर दोघांना आपापली जागा असते. वाईट कागदावर एकाच्या कामाला दुसऱ्याला जुंपलेलं असतं.

हे आपल्या पूर्वजांना नीट कळलं होतं. जुनं मराठेशाहीतलं पत्र बघा. मजकूर मोडीत. अधिकृत पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर जिथे संपतो तिथे छोटा शिक्का, मोर्तब. शिवकालीन पत्रांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं असत. म्हणजे इथे मर्यादा झाली, याच्या खाली कुणी एक ओळही घुसवायची नाही. मुद्रा हे चित्रच आहे, पण ते शोभेला लावलेलं नाही. त्याची जागा हाच त्याचा अर्थ. मोर्तब चार ओळी वर सरकलं तर पत्राचा अर्थ बदलेल. आजच्या भाषेत सांगायचं तर हे चित्र मजकुरात ‘एम्बेड’ केलेलं आहे; आपल्या सुवर्णनगरीच्या भाषेत, कोंदणात बसवलेलं आहे.

आता धुळ्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला आणि एकूण बावीस खंड निघाले. गावोगावची दप्तरं धुंडाळून मोडी पत्रं देवनागरीत छापली. त्या छपाईत कागदाचा रंग, शाई, अक्षराचं वळण, शिक्क्याची झीज हे सगळं गेलं. साक्षीदार मागे राहिला, पण त्याचं बोलणं घरोघर पोहोचलं. जिथे एकच नक्कल होती तिथे हजारोंना वाचता आलं.

आज आपण नेमकं उलटं करतो आहोत. आज चित्र मिळतं आणि बोलणं हरवतं. कागद टंकलेखित होतो, छापला जातो, त्यावर सही होते, मोबाइलने त्याचा फोटो निघतो आणि तो फोटो गावभर फिरतो. मुळात संगणकात अक्षरं होती. आपण त्यांचं छायाचित्र करून टाकलं. बिघडलं काय? बघा. त्या फोटोत ‘अंतिम तारीख’ हे शब्द शोधता येत नाहीत. ज्याला बारीक दिसत नाही त्याने अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. आणि जो पूर्ण अंध आहे, ज्याचा फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो, त्याच्यापुढे फोन एवढंच म्हणतो: चित्र. बस्स. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात द्यायला सांगितलं आहे. सूचना सगळ्यांसाठी आहे असं वर लिहायचं आणि खाली काहींना दार बंद करायचं, हे आम्हाला पटत नाही.

प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात लिखाणाबद्दल तक्रार केली आहे. लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, जिवंत वाटतात, पण प्रश्न विचारला की गंभीरपणे गप्प बसतात. दोन हजार वर्षं ही तक्रार खरी होती. डिजिटल मजकुराने ती थोडी तरी खोटी पाडली, कारण त्याला विचारता येतं: हा शब्द तुझ्यात कुठे आहे? तो दाखवतो. आणि आपण त्याचा फोटो काढून त्याला पुन्हा मुका करतो!

यावर कुणी म्हणेल, सर, फोटो पाठवला तर अक्षरं फुटत तरी नाहीत. हा आक्षेप खरा आहे, त्याला इतिहास आहे. अनेक वर्षं आपण कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले. त्यात संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असायचे, वरून मराठीचा मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळायचा आणि अगम्य इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. म्हणून लोकांनी शहाणपणाने चित्र पाठवायला सुरुवात केली. पण युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आज प्रत्येक साध्या फोनमध्ये तो चालतो. कारण संपलं, सवय राहिली.

पीडीएफचीही गंमत समजून घ्या. १९९३ मध्ये आलेला हा प्रकार मुख्यतः कोणता आकार पानावर कुठे उमटवायचा ते लक्षात ठेवतो. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता सोबत नीट असला तर ठीक. नसला तर पान सुंदर दिसतं आणि आतून विस्कटलेलं असतं. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवतात; डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. बिघडलेल्या पीडीएफमधून ‘किरण’ उचललं तर वेलांटी सुटून पुढे येते. मग किरण नावाची मुलगी निवड यादीत स्वतःचं नाव शोधते आणि यंत्र सांगतं, नाही. यादीत ती असते. शोधात नसते. हे दुःख छोटं नाही.

आता अर्जाकडे येऊ. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी, २०० बाय २३० पिक्सेल; सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल. फोनचा फोटो सहज चार एमबीचा निघतो, म्हणजे ऐंशीपट तरी लहान करायचा. मुलं काय करतात? सहीचा कागद, खालचं टेबल, पंख्याची सावली, सगळंच आक्रसतात. सही मुंगीएवढी होते. आधी कडा कापाव्यात, मग पिक्सेल कमी करावेत आणि शेवटी केबी बघावेत. क्रम एवढाच. पण तो अर्जात कुणी सांगत नाही, आकडे सांगतात. आकडा दिला म्हणजे सूचना झाली, असा आपल्याकडे समज आहे.

याच अर्जात एक हस्तलिखित प्रतिज्ञापत्र मागतात: ५० ते १०० केबी, ८०० बाय ४०० पिक्सेल. इथे मजकूर चित्र म्हणूनच हवा, आणि ते बरोबर आहे, कारण काय लिहिलं यापेक्षा कुणाच्या हाताने लिहिलं हा मुद्दा आहे. अक्षर हाच साक्षीदार. मात्र ते इंग्रजीतच हवं, दुसऱ्या भाषेत चालणार नाही. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल, हे मान्य. तरी विचार करा: रावेरच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचं सर्वांत स्वतःचं वळण कोणतं? वह्याच्या वह्या ज्या लिपीत भरल्या त्या लिपीतलं. साक्ष हाताची हवी आणि हात परका वापरायचा, ही विसंगती आहे.

सहीच्या चित्राबद्दलही एक भ्रम आहे. कागदावर सहीचं चित्र चिकटवलं म्हणजे डिजिटल सही झाली, असं पुष्कळांना वाटतं. चित्र कुणीही उचलून दुसऱ्या कागदावर डकवू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ज्या डिजिटल स्वाक्षरीला मान्यता देतो ती दस्तऐवजाच्या एकूण एक अक्षराशी बांधलेली असते. नंतर एक काना बदलला तरी पडताळणीत ती फसते. मोर्तबाचा खरा वारस हा. मर्यादा झाली, हे आता गणित सांगतं. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर शिक्का शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसऱ्या टोकाचा दोष स्मरणिकांमध्ये दिसतो. चित्रं भरपूर, मजकूर नाही. तलावाकाठच्या बोरीचा फोटो असतो, खाली ओळ नसते. फोटो एवढंच म्हणतो, बोरं आहेत. ती मेहरूणची बोरं, हे फक्त शब्दच सांगू शकतो. पन्नास वर्षांनी त्या फोटोतली माणसं कोण होती हे कुणाला विचारणार? म्हणून चित्राखाली ओळ हवी. शिवाय चित्राच्या आत, न दिसणारं वर्णन लिहायची सोय असते, ऑल्ट टेक्स्ट म्हणतात तिला. अंध वाचकाला तेच ऐकू येतं. तिथे ‘फोटो १’ लिहू नका; काय दिसतं ते लिहा.

आणखी तीन गोष्टी सांगून थांबतो. एक: चित्र दस्तऐवजाच्या आत बसवा. नुसता त्याचा पत्ता जोडला तर फाइल दुसऱ्याच्या संगणकावर गेल्यावर चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते. दोन: ज्या चित्राची जागा म्हणजेच अर्थ आहे, उदाहरणार्थ सही, आकृती, नकाशा, ते ओळीत अक्षरासारखं ठेवा. मोकळं सोडलेलं चित्र मजकूर वाढला की भलत्या पानावर जाऊन बसतं. तीन: दस्तऐवजाची भाषा मराठी अशी निवडा आणि फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. राज्य शासनाने मराठी वर्णांची प्रमाण रूपं ठरवून दिली आहेत. ती फॉन्टच्या आळसापायी सोडू नयेत.

राजवाड्यांना एकच निवडावं लागलं, कागद किंवा मजकूर. आपल्याला दोन्ही ठेवता येतात: वर स्कॅन, खाली टंकलेला मजकूर. तरी आपण अर्धंच ठेवतो. उद्या कुठलीही सूचना पाठवण्याआधी तिच्यातला एक शब्द तिच्यातच शोधून बघा. सापडला तर पाठवा.