समुपदेशकाचा अहवाल आणि गोपनीयतेचे वचन
कुटुंब न्यायालयातील समुपदेशकाजवळ मन मोकळे केले, तर ते बोलणे न्यायाधीशांपर्यंत जावे काय? सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१९ रोजी मुलाच्या ताब्याच्या एका प्रकरणात या प्रश्नाचे उत्तर दिले. मध्यस्थी सुरू असताना समुपदेशकाने मुलाशी बोलून अहवाल तयार केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने आधी ते ग्राह्य मानले. पुढे पुनर्विलोकनात गोपनीयतेच्या मुद्द्यावर ते बाजूला ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनाचा आदेश रद्द केला आणि ताब्याच्या प्रकरणात असे अहवाल विचारात घेता येतात, असे ठरविले.

निकालामागील तर्क सबळ आहे. पती-पत्नींनी निर्धास्तपणे तडजोडीची बोलणी करावीत, यासाठी मध्यस्थीला गोपनीयतेचे संरक्षण असते. मूल मात्र त्या वादातील पक्षकार नसते. त्याचे हित जपणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरते. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम १२ न्यायालयाला तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची मुभा देते, तर कलम १४ पुराव्याच्या नेहमीच्या नियमांपलीकडे जाऊन उपयुक्त अहवाल स्वीकारू देते. आईवडिलांच्या परस्परविरोधी शपथपत्रांतून मुलाची स्थिती कळत नसेल, तर न्यायाधीशांनी ती कोठून जाणून घ्यावी?

तथापि अहवाल वाचता येतो एवढे ठरल्याने समुपदेशनातील नैतिक प्रश्न सुटत नाही. अहवाल कायद्याने ग्राह्य असू शकतो आणि तरीही तो मिळविताना विश्वासभंग झालेला असू शकतो. समजा, नऊ वर्षांच्या मुलीला समुपदेशक धीर देतो, ‘हे आपल्या दोघांतच राहील.’ ती वडिलांच्या रागाविषयी बोलते. काही महिन्यांनी तेच वाक्य वकिलाच्या हातातील कागदावर येते आणि ते कोणी सांगितले हे वडिलांना कळते. येथे न्यायालयाने अहवाल वाचला यात दोष नाही. जे पाळणे आपल्या हाती नाही असे वचन समुपदेशकाने दिले, हा दोष आहे.

महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केलेले नियम या बाबतीत अधिक सावध आहेत. समुपदेशकापुढील निवेदने व टिपणे गोपनीय मानली जातात; उभय पक्षांच्या संमतीवाचून ती उघड करायला त्याला भाग पाडता येत नाही. ताब्याच्या प्रश्नात मात्र घरचे वातावरण, आईवडिलांची व्यक्तिमत्त्वे व मुलाशी त्यांचे नाते यांविषयी तो न्यायालयाला अहवाल देऊ शकतो. विभागणी योग्य आहे, पण ती कागदापुरती राहण्याचा धोका आहे. खोली तीच, खुर्ची तीच, माणूसही तोच. ऐकणारा कोणत्या क्षणी तपासणारा झाला, हे मुलाला कसे कळावे? अमेरिकेतील विवाह व कुटुंब उपचारकांच्या संघटनेने २००१ च्या आचारसंहितेत याचसाठी दंडक घातला होता की, ताब्याच्या वादातील कुटुंबावर उपचार करणाऱ्याने त्याच मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयासाठी मूल्यमापन करू नये.

आधीच सगळे सांगितले तर मूल गप्प बसेल, असा आक्षेप घेतला जातो. तो क्षुल्लक नाही. परंतु संपूर्ण गोपनीयता समुपदेशकाच्या हाती कधीच नसते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील कलम १९ नुसार असा अपराध कळल्यावर तो कळविणे बंधनकारकच आहे. अंधारात ठेवून मिळविलेले बोलणे न्यायालयाला एकदा उपयोगी पडेल. फसवले गेलेले मूल पुढच्या मोठ्या माणसाजवळ तोंड उघडणार नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाला समजेल अशा शब्दांत, काय लिहिले जाईल आणि ते कोण वाचील हे सांगितले गेले पाहिजे. उपचार आणि मूल्यमापन शक्यतो दोघांकडे असावे. अहवालात प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले आणि त्यावरून अनुमानिलेले वेगळे मांडावे. महाविद्यालयांतील मानसशास्त्र व समाजकार्याच्या वर्गांत मुलाखतीचे तंत्र कसोशीने शिकवले जाते. मुलाखतीला आरंभ करण्यापूर्वी बोलायची ही दोन वाक्येही तितक्याच कसोशीने शिकवली जावीत, ही या निकालाने अध्यापकांवर टाकलेली जबाबदारी आहे.