डव्हटेलचे देव्हारे

हाताच्या हत्यारांनी सुतारकाम करणाऱ्या हौशी मंडळींचं अलीकडचं काम पाहत गेलं की एकच वस्तू पुन्हा पुन्हा समोर येते: डबा. अक्रोडाचा नाहीतर मेपलचा, चारही कोपऱ्यांत डव्हटेलचे सांधे, तेल पाजून चकाकवलेला आणि आत रिकामा. रिकामा नसला तर त्यात पटाश्या असतात. पटाश्या ठेवायला डबा करायचा आणि डबा करायला आणखी पटाश्या घ्यायच्या. क्रेनॉव्ह आणि अंडरहिल या सुतार-लेखकांनी उभी केलेली एवढी मोठी चळवळ या फेऱ्यात अडकली आहे, आणि तिला कुणी हटकत नाही.

डव्हटेल हा मुळात लपवायचा सांधा. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कपाटाचा खण ओढल्याशिवाय तो दिसत नाही. समोरून दिसू नये म्हणूनच तो अर्धा कापलेला असतो. खण बाहेर काढून पाहा. आखणीची रेघ तशीच राहिलेली, करवत रेघेच्या पुढे गेलेली, उतार नजरेच्या अंदाजाने धरलेला. हा सांधा मिरवायला सुरुवात केली ती गिम्सन आणि बार्न्सली बंधू या इंग्रज कारागिरांच्या पिढीने. १८९३ मध्ये लंडन सोडून ही मंडळी कॉट्सवोल्ड्सला गेली. कारखान्यातल्या फर्निचरच्या व्हेनिअरखाली काय दडलंय ते कळत नव्हतं. आमचा जोड उघडा आहे, बघून घ्या, असं त्यांना सांगायचं होतं. त्या उघडेपणामागे भांडण होतं. आजचा हौशी भांडतो ते उतार एकास सहा की एकास आठ, आणि आधी पिन कापायची की टेल, यावर.

हत्यारांची कथा याहून वाईट. १९८१ मध्ये मेन राज्यात ली-नील्सन यांनी रंधे बनवायला घेतले, तेव्हा बाजारातले नवे रंधे टाकाऊ होते हे मान्य. पण पुढे आडव्यातिडव्या शिरांचं लाकूड फाटू नये म्हणून चढ्या कोनाचे रंधे आले, उलट्या पात्याचे आले, दातेरी पाती आली. प्रत्येक अडचणीवर एक खरेदी. मग २०१२ च्या सुमारास यामागाता विद्यापीठातल्या कातो आणि कावाई यांची फीत पाश्चात्त्य हौशींच्या हाती लागली. पात्यावरची दुसरी पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली की कीस वेळेवर मोडतो आणि लाकूड फाटत नाही, हे तिच्यात डोळ्यांना दिसतं. ती पट्टी आजोबांच्या स्टॅन्ली रंध्यात होतीच. जुन्या सुतारांना तिचा उपयोग ठाऊक होता. विक्रेत्यांनी तो सांगितला नाही आणि हौशींनी विचारला नाही. सुतारकामावर लिहिणारे ख्रिस्तोफर श्वार्ट्झ यांनी २०११ च्या पुस्तकात पन्नासाच्या आत हत्यारं पुरतात असं बजावलं, तर वाचकांनी त्या यादीचीच खरेदीची चिठ्ठी केली.

केझुरोकाई या रंधा मारण्याच्या जपानी स्पर्धेत दहा मायक्रॉनच्याही खालचा कीस काढतात. कौतुक आहे, पण किसावर बसता येत नाही.

या सगळ्यात जिवंत काम चाललंय ते खुर्च्या-स्टुलांत. जेनी अलेक्झांडर या बाल्टिमोरच्या वकील होत्या. १९७८ मध्ये आलेलं त्यांचं झाडापासून खुर्ची करण्याचं पुस्तक मी या कलेतलं सगळ्यात बंडखोर पुस्तक मानतो. त्यात लाकूड करवतीने चिरत नाहीत, पाचर मारून फोडतात, म्हणजे शिरा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि काठी बोटाएवढी असली तरी माणूस पेलते. आडव्या काठ्या खडखडीत वाळवायच्या, पाय मात्र थोडे ओले ठेवायचे. सुकं कुसू ओल्या भोकात ठोकलं की पाय वाळताना आकसतो आणि कुसू आवळून धरतो. उलट सुकं कुसू हवेतली ओल पिऊन फुगू पाहतं. वर बाजूची काठी समोरच्या काठीच्या कुसवात किंचित घुसते आणि तिला निसटू देत नाही. लाकूड हलतं ही सुताराची कायमची डोकेदुखी. इथे त्या हलण्यालाच कामाला लावलंय. डव्हटेलच्या कुठल्याही डब्यात एवढी अक्कल नाही.

पीटर फोलान्सबी यांच्यासोबत २०१२ मध्ये अलेक्झांडर यांनी सतराव्या शतकातल्या स्टुलाचं पुस्तक काढलं. तिथे खाच आणि कुसू यांची भोकं मुद्दाम थोडी चुकवतात. ओकची खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि सांधा ओढून घट्ट करते. सरस नाही, क्लॅम्प नाही. आणि आतल्या बाजूला कुऱ्हाडीचे घाव तसेच. पायाचा आतला कोपरा गुण्यात आणायचे कष्टसुद्धा कुणी घेतलेले नाहीत, कारण तिथे कुणी पाहत नाही.

हा आतला ओबडधोबडपणा हौशींना सोसत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. कारागिरीवर लिहिणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये जोखमीचं काम आणि खात्रीचं काम असा भेद केला. यंत्र खात्रीने कापतं. हात दर क्षणी बिघडवू शकतो. आज हाताचं काम म्हणून जे मिरवतात त्यातून जोखीम काढून टाकलेली असते: कोन धरायला चुंबकाची मार्गदर्शी, धार लावायला चाकाचा जिग, आणि शेवटी यंत्राने केल्यासारखा निर्जीव सांधा. मग खाचा पाडणारा विजेचा राउटर काय वाईट होता? त्याने संध्याकाळ तरी वाचली असती.

आपल्याकडे या चळवळीचं अनुकरण सुरू झालंय म्हणून हे जोरात म्हणतो. पुण्याच्या फ्लॅटच्या गच्चीत फ्रेंच सुतार रूबोच्या १७६९ च्या चित्रातलं अवजड बाक कशाला हवं? गावचा सुतार उकिडवा बसून, पायाने लाकूड दाबून, वाकस आणि पटाशीवर बाभळीचा नांगर उभा करायचा. इसाड पाचरीने बसवायचा. सैल झालं की पाचर पुन्हा ठोकायचा. त्याच्या कामाची परीक्षा फोटोत होत नव्हती, शेतात होत होती. ज्याला बैल ओढतात त्या वस्तूत सांधा खोटा चालत नाही. ती कारागिरी परदेशी हौशींना माहीत नसेल तर समजू शकतो. आपल्या हौशींना ती जुनाट वाटते आणि आयात केलेला पितळी रंधा पारंपरिक वाटतो, हे मात्र समजत नाही.

तेव्हा डबे पुरे झाले. बाभूळ किंवा आंबा, जे ओलं लाकूड मिळेल ते फोडा, चार पाय वाळायच्या आत एक स्टूल करा आणि घरातल्या सगळ्यात जड माणसाला त्यावर बसवा. खालची बाजू घासू नका.