डावीकडून, पण कोणाच्या?

बालभारतीच्या २०१७ सालच्या नववीच्या गणितात निर्देशक भूमितीची सुरुवात झकास आहे. पाहुण्याला घर सांगायचे तर दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. पण सांगणारा आणि ऐकणारा दोघेही इमारतीच्या एकाच बाजूला उभे आहेत, म्हणूनच हे जमते. पाहुणा मागच्या बाजूने आला असता तर? आरंभबिंदू हा दोघांमधला करार असतो. आमच्या मते गोष्टीत तो ठळकपणे यायला हवा होता.

लढाऊ वैमानिकांना तो गृहीत धरून चालत नाही. समोरासमोर येणाऱ्या दोघांची ‘उजवी बाजू’ एकमेकांच्या उलट. म्हणून उड्डाणापूर्वीच जमिनीवरचा एक बिंदू ठरवतात; त्याला ‘बुल्सआय’ म्हणतात. शत्रूचे विमान त्या बिंदूपासून चुंबकीय उत्तरेशी किती अंशांवर, किती सागरी मैलांवर आणि किती उंचीवर आहे, ते रेडिओवर सांगतात. बिंदू कोणता हे ठाऊक नसेल, तर चोरून ऐकणाऱ्याला फारसा उलगडा होत नाही.

पडेगावच्या वर्गात दौलताबादचा किल्ला बुल्सआय धरावा. ‘किल्ल्याच्या पूर्वेला १० किमी’ असे ऐकल्यावर मुलांनी मान कोठे वळवावी? बरीच मुले पूर्वेकडे पाहतील. पडेगाव किल्ल्याच्या आग्नेयेस आहे. नकाशावर आकृती काढली, की विमान ढोबळमानाने उत्तरेकडे निघते. ही सदिशांची वजाबाकी वैमानिकाला मनातल्या मनात करावी लागे. आता बरीचशी संगणक करतो.

शत्रू अगदी जवळ आला, की मात्र वैमानिक बुल्सआय सोडून स्वतःच्या विमानापासून दिशा आणि अंतर घेतात. मग आरंभबिंदूच ताशी शेकडो किलोमीटर वेगाने पळत असतो.